खुर्चीतला बॉन्ड

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचे बंड ऐन भरात असताना नभोवाणीवरून एका इंग्रज ॲडमिरलचा आवाज आला. 'तलवार' या तळावर भिकार जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ यांवरून १८ तारखेला सुरू झालेला संप तोवर ७८ जहाजांवर आणि जवळपास २० हजार नाविकांत पसरला होता. जहाजांवरचे युनियन जॅक उतरले होते आणि काँग्रेस, मुस्लीम लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले होते. ॲडमिरलचे म्हणणे थोडक्यात असे : मुकाट्याने शरण या. सरकारजवळ हवे तेवढे बळ आहे आणि ते वापरताना सबंध नौदल नष्ट करावे लागले तरी आम्ही कचरणार नाही. स्वतःच्याच नौदलाला बुडवण्याची धमकी देणारे हे गृहस्थ म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे. नाविकांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्या मुंबईकरांवर त्याच आठवड्यात गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोनशेहून अधिक माणसे गेली.

बाकीच्या जगाला हे गॉडफ्रे माहीत आहेत ते एका अक्षराने. एम. बॉन्डपटांत ज्याच्या खोलीत शिरताना जेम्स बॉन्डही जरा सावरून उभा राहतो, जो मान वर न करता फाइल वाचत बसतो आणि शेवटी हुकूम सोडतो, तो एम बहुतांशी या गॉडफ्रे यांच्यावरून बेतलेला. बेतणारा लेखक युद्धकाळात त्यांचा खासगी साहाय्यक होता. तो लेखक म्हणजे इयान फ्लेमिंग. २८ मे १९०८ रोजी लंडनच्या मेफेअर भागात, ग्रीन स्ट्रीटवरच्या एका श्रीमंत घरात ते जन्मले.

महाराष्ट्राला २८ मे ही तारीख वेगळ्या जयंतीमुळे पाठ आहे. गंमत अशी की फ्लेमिंग जन्मले त्या दिवशी विनायक दामोदर सावरकर लंडनमध्येच होते आणि त्यांनी त्याच दिवशी पंचविशी गाठली होती. हायगेटच्या 'इंडिया हाउस'वर तेव्हा स्कॉटलंड यार्डची नजर होती. पुढच्याच वर्षी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवण्यासाठी मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले जॉन वॉलिंजर लंडनला नेले गेले. पहिल्या महायुद्धात याच वॉलिंजर यांनी एका नाटककार-कादंबरीकाराला स्वित्झर्लंडमध्ये हेर म्हणून नेमले. तो लेखक म्हणजे सॉमरसेट मॉम. १९२८ मध्ये मॉम यांनी त्या अनुभवांवर 'ॲशेंडेन' लिहिले. त्यातला 'आर' नावाचा वरिष्ठ म्हणजे वॉलिंजर आणि एका कथेत ज्या हिंदी क्रांतिकारकाला जाळ्यात ओढायचे आहे तो चंद्र लाल म्हणजे सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, असे मानले जाते. इंग्रजी हेरकथेच्या अगदी पायाशी असा आपल्या इलाख्याचा एक पोलीस अधिकारी बसलेला आहे. वरिष्ठाला एका अक्षराने ओळखायची रीतही 'ॲशेंडेन'मध्ये आधीच दिसते. फ्लेमिंग मॉम यांना मानत. मात्र मॉमचा हेर कंटाळतो, पत्रे वाचतो, वाट बघतो आणि कधीकधी त्याला आपल्या कामाची किळस येते. फ्लेमिंग यांनी यातले काहीच घेतले नाही. त्यांना कंटाळ्यातून सुटायचे होते, तो कागदावर उतरवायचा नव्हता.

त्यांचे आयुष्य लहानपणापासूनच दुसऱ्याच्या सावलीतले. वडील व्हॅलेंटाइन फ्लेमिंग खासदार होते. मे १९१७ मध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर तोफगोळ्याने गेले, तेव्हा इयान यांचा नववा वाढदिवस आठवड्यावर आला होता. 'टाइम्स'मध्ये मृत्युलेख लिहिला विन्स्टन चर्चिल यांनी. असा बाप भिंतीवरच्या तसबिरीत असणे मुलाला फार सोपे जात नाही. थोरला भाऊ पीटर अभ्यासात हुशार, पंचविशीतच ब्राझीलच्या प्रवासवर्णनाने गाजलेला. इयान यांनी ईटनला मैदानी खेळांत बाजी मारली. पण सँडहर्स्टची लष्करी शाळा अर्ध्यावर सुटली, परराष्ट्र खात्याची परीक्षा हुकली. 'रॉयटर'मध्ये मात्र त्यांचे बरे चालले होते. १९३३ मध्ये मॉस्कोत इंग्रज अभियंत्यांवरच्या खटल्याचे वार्तांकन करताना त्यांनी थेट स्टॅलिनची मुलाखत मागितली आणि नकाराच्या चिठ्ठीवर खुद्द स्टॅलिनची सही मिळवली. मग पैशासाठी ते शेअर दलालीत शिरले आणि तिथे रमले नाहीत. तिशी गाठलेला हा देखणा, बोलका, कशातच पुरा न उतरलेला तरुण गॉडफ्रे यांना १९३९ च्या मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर भेटला. गॉडफ्रे तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्याचे प्रमुख होते. त्यांना हुशार मदतनीस हवा होता. फ्लेमिंग यांना कुणीतरी कामाला लावायला हवे होते.

लंडनच्या ॲडमिरल्टी इमारतीत खोली क्रमांक ३९ मध्ये त्यांचे टेबल लागले. शेजारी ३८ मध्ये गॉडफ्रे. खिडकीतून पंतप्रधानांच्या घरामागची बाग दिसे. सांकेतिक ओळख '१७ एफ'. ऐकायला हे मोठे थरारक वाटते, पण काम होते ते कागदाचे : टिपणे काढणे, ॲडमिरलचा राग इतर खात्यांपर्यंत जरा मऊ करून पोहोचवणे, बैठकांना जाणे आणि कल्पना लढवणे. मंत्रालयात वरिष्ठ सचिवाच्या हाताखाली काढलेल्या कुणालाही ही नोकरी ओळखीची वाटावी. फरक इतकाच की इथल्या फायलींत पाणबुड्या होत्या.

कल्पना मात्र अफाट होत्या. सप्टेंबर १९३९ मध्ये गॉडफ्रे यांच्या नावाने एक टिपण निघाले. शत्रूला फसवायच्या पन्नासहून अधिक युक्त्या त्यात होत्या आणि लेखणी बहुधा फ्लेमिंग यांची होती. त्यातली एक युक्ती म्हणजे वैमानिकाचा वेष चढवलेले प्रेत, खिशात खोटी कागदपत्रे घालून, शत्रूच्या हाती पडेल असे सोडायचे. ही युक्ती त्यांनी बॅसिल थॉमसन यांच्या एका रहस्यकादंबरीतून उचलली होती आणि तसे टिपणात सांगूनही टाकले होते. थॉमसन हे कादंबरीकार होण्याआधी स्कॉटलंड यार्डच्या गुन्हे शाखेचे प्रमुख होते. पहिल्या महायुद्धात हिंदी क्रांतिकारकांचा माग काढणाऱ्यांत तेही होते. म्हणजे पोलीस अधिकारी निवृत्त होऊन कादंबरी लिहितो, तिच्यातली शक्कल नौदलाचा साहाय्यक टिपणात उतरवतो आणि १९४३ मध्ये दुसरेच अधिकारी स्पेनच्या किनाऱ्यावर खरोखर एक प्रेत सोडून सिसिलीच्या स्वारीबद्दल हिटलरला चकवतात. बॉन्डचा उगम शोधताना लेखकाच्या आयुष्यातून कादंबरी निघाली असे आपण सरळ म्हणून मोकळे होतो. इथे आधी कादंबरी आहे, मग आयुष्य, मग परत कादंबरी.

१९४० मधली दुसरी एक योजना तर बॉन्डच्या जन्मपत्रिकेसारखी वाचता येते. जर्मन नौदलाची सांकेतिक पुस्तके हवी होती. फ्लेमिंग यांनी सुचवले : हाती लागलेले जर्मन बॉम्बफेकी विमान घ्यावे, आत जर्मन गणवेशातली आपली माणसे बसवावीत, ते इंग्लिश खाडीत पाडावे, वाचवायला जर्मन बोट आली की तिच्यावरच्यांना मारून बोट ताब्यात घ्यावी. वैमानिक कसा हवा, तर कणखर, अविवाहित आणि पोहता येणारा. नाटकी, निर्दय आणि थोडी पोरकट अशी ही योजना महिनाभरातच बारगळली. संकेत उलगडणारे ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी त्यामुळे फारच हिरमुसले. त्या टिपणातला तो अविवाहित, पोहणारा गडी मात्र कागदावर तसाच राहिला. त्याला नाव मिळायला आणखी बारा वर्षे लागली.

फ्लेमिंग स्वतः त्या विमानात बसले असते का? बसायची इच्छा असती तरी परवानगी मिळाली नसती. सगळी गुपिते ज्याच्या टेबलावरून जातात त्याला शत्रूच्या हाती पडू देता येत नाही. १९४२ मध्ये त्यांनी शत्रूची कागदपत्रे लुटून आणणारी कमांडो तुकडी उभी करायला लावली. ऑगस्टमध्ये ती दिएपच्या हल्ल्यात उतरली, तेव्हा फ्लेमिंग किनाऱ्यापासून दूर एका विनाशिकेवर उभे राहून बघत होते. माणसे किनाऱ्यावर मरत होती आणि ज्याच्या डोक्यातून हे निघाले तो दुर्बीण टिपू शकेल एवढ्या अंतरावर थांबला होता. आमच्या मते बॉन्ड जन्मला तो या अंतरात.

याला पुरावा हवा तर एश्तोरिलचा जुगारखाना बघावा. मे १९४१ मध्ये गॉडफ्रे आणि फ्लेमिंग साध्या कपड्यांत लिस्बनमार्गे अमेरिकेला निघाले होते. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे दोन्ही बाजूंचे हेर तिथे एकाच हॉटेलात उतरत. रात्री दोघे जुगारखान्यात गेले. पत्त्यांच्या टेबलाभोवती चारदोन कंटाळलेले पोर्तुगीज व्यापारी. फ्लेमिंग ॲडमिरलच्या कानाला लागले : समजा, हे जर्मन हेर आहेत आणि आपण यांना आत्ता धुऊन काढले तर? मग ते खेळायला बसले आणि स्वतःच धुऊन निघाले. गॉडफ्रे यांना या प्रकारात फारसा रस वाटला नाही. पुढे हीच हकीकत फ्लेमिंग सांगत तेव्हा ते पोर्तुगीज व्यापारी खरेच जर्मन झालेले असत. १९५३ मध्ये आलेल्या 'कॅसिनो रॉयल'चा कणा हाच आहे. शत्रूच्या हस्तकाला पत्त्यांत कफल्लक करायचे. कादंबरीतही बॉन्ड आधी सगळे पैसे घालवतो. मग अमेरिकी मित्र फेलिक्स लायटर पाकीट भरून पैसे पाठवतो तेव्हा बाजी पालटते. युद्धोत्तर ब्रिटन अमेरिकी कर्जावर उभा होता हे तेव्हाच्या वाचकाला कुणी सांगायला नको होते.

लिहायला बसले ते जमैकात, ओराकाबेसा गावाजवळ समुद्रकाठी बांधलेल्या 'गोल्डनआय' या घरात. १९५२ ची सुरुवात. वय त्रेचाळीस. त्या मार्चमध्ये त्यांचे लग्न ठरले होते. दिवसाला दोनेक हजार शब्द टाइप करत त्यांनी कादंबरी संपवली आणि आठवडाभरात बोहल्यावर चढले. नायकाला नाव हवे होते ते साधे, सपक, पुरुषी. टेबलावर पक्ष्यांचे एक पुस्तक होते, 'बर्ड्‌स ऑफ द वेस्ट इंडिज'. लेखक फिलाडेल्फियाचे पक्षितज्ज्ञ जेम्स बॉन्ड. आपल्याकडे एखाद्या रहस्यकथाकाराने फडताळातून सालिम अलींचे पुस्तक काढून नायकाचे बारसे उरकावे, तसेच हे. खरे जेम्स बॉन्ड १९६४ मध्ये अचानक 'गोल्डनआय'च्या दारात हजर झाले. फ्लेमिंग यांनी त्यांना नवी कादंबरी सही करून दिली आणि तीत आपण नाव चोरल्याची कबुली.

नाव असे उसने, पण खिशातल्या वस्तू लेखकाच्या स्वतःच्या. फ्लेमिंग यांच्या सिगारेटी लंडनच्या मॉर्लंड या दुकानातून खास वळून येत, तीन सोनेरी पट्ट्यांच्या. नौदलातल्या कमांडरच्या बाहीवरही तीन सोनेरी पट्ट्या असतात. लेखकाचा हुद्दा कमांडर, बॉन्डचाही कमांडर आणि सिगारेटही तीच. न्याहारीचे अंडे तीन मिनिटे आणि वर वीस सेकंदच उकडलेले हवे, हा बॉन्डचा हट्ट. गोल्फ, ब्रिज, वेगवान गाड्या, परदेशी साबण, सगळे फ्लेमिंग यांच्या रोजच्या आयुष्यातले. तारुण्यात मोनिक नावाच्या स्विस मुलीशी त्यांचा वाङ्‌निश्चय मोडला होता. बॉन्डच्या स्विस आईचे नाव मोनिक आहे. ईटनला ब्लोफेल्ड नावाचा मुलगा होता, त्याचे नाव खलनायकाला लागले. वास्तुशिल्पी एर्नो गोल्डफिंगर यांच्या नावाचाही असाच वापर झाला आणि ते वकिलापर्यंत गेले.

वस्तूंबद्दल एवढ्या काटेकोर माणसाची चूक कुठे झाली असेल? पिस्तुलात. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकाराने त्यांना पत्र लिहिले की तुमच्या नायकाच्या हातातले बेरेटा हे बायकांच्या पर्समधले खेळणे आहे. दुसऱ्या कुणा लेखकाने पत्र टोपलीत टाकले असते. फ्लेमिंग यांनी सल्ला मागून घेतला. 'डॉक्टर नो'मध्ये बॉन्डचे बेरेटा काढून त्याला वॉल्थर पीपीके देणारा शस्त्रागाराचा अधिकारी आणला आणि त्याचे नाव ठेवले मेजर बूथरॉइड. खऱ्या हेराला पिस्तुलाची माहिती वाचकाच्या पत्रातून मिळत नाही. टेबलावर बसलेल्याला मिळते.

ब्रिटनमध्ये 'कॅसिनो रॉयल' आले तेव्हा रेशनकार्ड अजून चालू होते. मांसावरचे नियंत्रण उठले ते जुलै १९५४ मध्ये. कॅव्हियार आणि शॅम्पेनची ती वर्णने लोक रांगेत उभे राहून आणलेल्या लोण्याबरोबर वाचत होते. भारत गेला होता, १९५६ मध्ये सुएझही गेले. सुएझच्या फजितीने खचलेले पंतप्रधान अँथनी ईडन विश्रांतीला कुठे गेले? जमैकात, फ्लेमिंग यांच्या 'गोल्डनआय'वर. साम्राज्याचा शेवटचा मोठा डाव हरलेला पंतप्रधान ज्या घरात पडून होता, त्याच घरात दर हिवाळ्यात एक इंग्रज गडी सगळ्या जगाला पुरून उरत होता. सबंध देशच तेव्हा खोली क्रमांक ३९ मध्ये बसला होता आणि त्याला बाहेर मैदानात गेल्यासारखे वाटायला हवे होते.

प्रत्यक्ष मैदानात गेलेली माणसे फ्लेमिंग यांच्या घरातच होती. थोरले बंधू पीटर युद्धात दिल्लीत बसून जपान्यांना चकवायचे खाते चालवत. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेताना त्यांनी इरावतीवरच्या पुलाजवळ सरसेनापती वेव्हेल यांची मोटार अपघात झाल्यासारखी सोडून दिली आणि तीत खोट्या कागदांची बॅग ठेवली. शत्रू अगदी जवळ आला असताना हे स्वतः जाऊन केले. इतके करूनही जगाने ज्याला लक्षात ठेवले तो धाकटा. आणि गोव्यात? मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात थांबलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावरून मित्रराष्ट्रांच्या बोटींची खबर पाणबुड्यांना जाते असा संशय होता. पोर्तुगीज गोवा तटस्थ, तेव्हा सैन्य पाठवता येईना. मग 'कलकत्ता लाइट हॉर्स'मधले कंपन्यांतले साहेब, मध्यमवयीन, पोट सुटलेले, एका गाळ काढायच्या बार्जमधून मलबार किनाऱ्याला वळसा घालून आले आणि रात्री त्या जहाजावर चढले. या खुर्चीतल्या माणसांना कुणी अडवले नाही. त्यावर १९८० मध्ये 'द सी वुल्व्हज' हा चित्रपट निघाला, गोव्यातच चित्रित झालेला. त्यात रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन, म्हणजे पडद्यावरचे दोन जेम्स बॉन्ड, मुरगावच्या खऱ्या हकीकतीतली माणसे साकारायला आले होते.

फ्लेमिंग यांना एवढे आयुष्य लाभले नाही. ज्या सिगारेटी बॉन्डला पचल्या त्या लेखकाला पचल्या नाहीत. १९६१ मध्ये हृदयविकाराचा पहिला झटका आला आणि १२ ऑगस्ट १९६४ रोजी छप्पन्नाव्या वर्षी ते गेले. तो त्यांच्या मुलाचा बारावा वाढदिवस होता. 'गोल्डफिंगर' पडद्यावर यायला महिनाभर बाकी होता.

गॉडफ्रे त्यांच्यामागे काही वर्षे जगले. एम म्हणून मिळालेली कीर्ती त्यांना फारशी रुचली नव्हती म्हणे. तोंडाळ स्वभावामुळे १९४२ च्या अखेरीस लंडनहून उचलून त्यांना हिंदुस्थानात धाडले गेले होते आणि मुंबईच्या बंडानंतर त्यांची कारकीर्द आटोपली. युद्धात एवढे करूनही 'सर' ही पदवी त्यांना मिळाली नाही. कादंबऱ्यांत एमचे पूर्ण नाव बरेच उशिरा कळते : ॲडमिरल सर माइल्स मेसर्व्ही. सरकारने जे साहेबाला दिले नाही ते साहाय्यकाने टाइपरायटरवर देऊन टाकले.

त्या साहेबांच्या हाताखालच्या नौदलात एक बिनतारी संदेशक होता, बलाई चंद्र दत्त. वय बाविशी-तेविशीचे. १९४५ च्या डिसेंबरात नौदल दिनाला 'तलवार' तळ लोकांना खुला होणार होता, त्याच्या आदल्या रात्री दत्त आणि त्यांच्या चारदोन साथीदारांनी पहारा चुकवून भिंतींवर 'चले जाव'च्या घोषणा रंगवल्या. सकाळपर्यंत कुणी केले ते कळले नाही. फेब्रुवारीत सरसेनापती ऑकिन्लेक यायचे होते. पहारा दुप्पट होता, तरीही ज्या चौथऱ्यावरून ते सलामी घेणार होते त्यावरच 'जय हिंद' उमटले. या खेपेला दत्त पहाटे परतताना सापडले. त्यांचे कपाट उघडले गेले. आत राजकीय पुस्तके आणि पत्रके होती.